आक्काच्या मँडोलिनची घोडी

आक्काच्या मँडोलिनची घोडी मी सरकवली होती. मुद्दाम नाही, पण सरकवली मीच. आणि सरकली आहे हे कळल्यावर गप्प बसलो, ते मात्र पुरतं समजून. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत माणूस नको ते सगळं बायकोला सांगून बसतो. मी तेव्हासुद्धा एवढं मागे ठेवलं.

घोडी म्हणजे वाद्याच्या पोटावरची लाकडाची लहानशी उभी पट्टी. तारा तिच्यावरून जातात. मँडोलिनची घोडी डिंकानं चिकटवलेली नसते की खिळ्यानं ठोकलेली नसते. आठ तारांच्या दाबाखाली ती आपली उभी असते. तारा सुटल्या की ती मोकळी. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, लाकडाचा एक तुकडा बोटभर इकडचा तिकडे झाला, त्यात काय एवढं. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

धारूरला आमचं भांड्यांचं दुकान. तेव्हा आप्पा, म्हणजे आमचे वडील, चालवायचे; आता मी चालवतो. ते मँडोलिन आमच्या घरात आणलं मामानं. मामा हैदराबादला एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. ऑर्केस्ट्रा बंद पडला, मामा ट्रान्सपोर्टच्या कचेरीत कामाला लागला, आणि एका उन्हाळ्यात आमच्याकडे येऊन त्यानं ते वाद्य आक्काच्या मांडीवर ठेवलं. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मांडी मलाही होती.

माझं तोंड बघून मामा म्हणाला, “रुसू नको बे भाच्या. हिला कान हाय, तुला हात हाय. हातवाल्यानं तारा चढवायच्या, कानवालीनं वाजवायचं. झाली का न्हाई वाटणी?”

आक्काला कान होता हे खरंच. महादेवाच्या देवळातल्या पेटीची एक पट्टी उतरली आहे, हे तिनं परकरात असताना सांगितलं होतं आणि पुजाऱ्यानं तिला हाकललं होतं. पुढे पेटी दुरुस्तीला गेली तेव्हा तीच पट्टी निघाली. मामाला हा किस्सा फार आवडायचा.

मला त्यानं तारा चढवायला शिकवलं ते दुकानाच्या मागच्या खोलीत, बारदानावर बसून. मँडोलिनच्या तारा आठ, पण त्या चार जोड्यांनी राहतात. जोडीतल्या दोघी एकाच सुरात लावायच्या, इतक्या की दोन वाजतायत हे कळू नये. जाड जोडीपासून सुरुवात करायची आणि पुढची प्रत्येक जोडी मागच्या जोडीच्या पंचमावर लावत जायची. तारेच्या टोकाला फासा असतो. तो शेपटीकडच्या पितळी पत्र्याच्या आकड्यात अडकवायचा, तार घोडीच्या खाचेतून वर न्यायची, खुंटीच्या भोकातून ओवायची, थोडी ढील ठेवायची आणि पिळत जायचं. ढील जास्त झाली तर खुंटीवर गुंडाळ्यांचा गोळा होतो आणि सूर टिकत नाही. कमी झाली तर तार सटकते. पातळ तार चढवताना तोंड लांब ठेवायचं. मामाच्या भुवईत एक व्रण होता, तो दाखवून तो म्हणायचा, “हा हैदराबादचा शिक्का.”

आणि एक नियम त्यानं पुन्हा पुन्हा सांगितला. एक तार काढायची, तिच्या जागी दुसरी चढवायची, मगच पुढच्या तारेला हात लावायचा. “सगळ्या एकदम काढशील तर घोडी पळून जाईल. मग बस शोधत.”

मी हसलो होतो. घोडी पळून जाईल म्हटल्यावर ते वय हसण्याचंच होतं.

आक्का वाजवायला लागली. मामा वर्षातून दोन-तीनदा यायचा, तेवढ्यात तिला दाखवायचा. बाकीचं ती ऐकून ऐकून काढायची. सोमवारी देवळात बायकांच्या भजनाला ती मँडोलिन घेऊन बसू लागली. आप्पांना आधी ते आवडलं नव्हतं. वाण्याच्या घरातली पोरगी, लोक काय म्हणतील वगैरे. मग एकदा मी पाहिलं, आक्का माडीवर वाजवत होती आणि आप्पा गिऱ्हाइकासमोर तांब्या हातात धरून तसेच उभे. गिऱ्हाईक म्हणालं, “शेठ, देता का ठेवता?” तेव्हा भानावर आले.

ती बारावीला गेली तेव्हा तिच्या मनात आलं, अंबाजोगाईला कॉलेजात संगीत विषय घ्यायचा. आप्पांनी विचार करून एक अट घातली. दसऱ्यानंतर अंबाजोगाईत मुलामुलींची वादनाची स्पर्धा होती, तिथे परीक्षक म्हणून तिकडचेच एक संगीताचे सर बसणार होते. आप्पा म्हणाले, “जानकार माणसानं हो म्हणलं तर माझी ना न्हाई. न्हाई म्हणलं तर पुन्यांदा विषय काढायचा न्हाई.” आक्कानं लगेच मान डोलावली. तिला भीती नव्हती.

आणि मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला दुकानातली हत्यारं पूजतात. तराजू, वजनं, ठोक्याची हातोडी, कातर, सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं. मी भांड्याच्या दुकानातला पोरगा. हातात वस्तू आली की घासायची, हीच शिकवण. आक्का म्हणाली, माझं मँडोलिनबी पूजेला ठेव, आणि नव्या तारा चढवून दे, मामानं ठेवलेल्या. मी खूश झालो. मँडोलिनच्या शेपटीकडचा पितळी पत्रा काळा पडला होता. चिंचेनं घासला तर सोन्यासारखा निघाला असता. पण तारा त्याच्यावरच अडकवलेल्या. एक-एक तार बदलत बसलं तर पत्रा घासायचा कसा?

मी सगळ्या तारा सोडल्या. घोडी कलंडून हातात आली. पत्रा चिंच-रांगोळीनं घासला, लाकूड खोबरेल लावून फडक्यानं चोळलं. घोडीच्या पायाभोवती वर्षांची धूळ बसून एक रेघ उमटलेली होती. तीही चोळून काढली. छान चकचकीत झालं. मग घोडी परत ठेवायला गेलो, तर रेघ नाही. फळीवर कळशी मांडताना दोन्हीकडे सारखी जागा सोडायची असते, तशी डोळ्यानं बघून मी ती मांडली. शोभेल अशी. नव्या तारा चढवल्या आणि देवळातल्या पेटीवरून सुरात लावल्या. बरोबर लागल्या.

आक्कानं बघितलं तेव्हा मँडोलिन झेंडूच्या माळेत होतं. “लई भारी दिसायलंय,” म्हणाली. पूजेला मांडलेलं हत्यार दसरा झाल्याशिवाय वापरायचं नाही, म्हणून तिनं हात लावला नाही. आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं अंबाजोगाईला निघालो. आप्पा, आक्का आणि मी. सरावाला वेळच राहिला नाही.

हॉलमध्ये तिनं तारा पुन्हा लावल्या. नव्या तारा ताणत राहतात, म्हणून दोन-तीनदा लावल्या. उघड्या, म्हणजे बोट न दाबता वाजणाऱ्या, तारा चोख लागल्या. मग ती वाजवू लागली. खालच्या पडद्यांवर, म्हणजे दांडीवरच्या खुंट्यांकडच्या आडव्या पट्ट्यांवर, होती तोवर बरं चाललं होतं. जशी वर चढू लागली, तसा सूर उतरायला लागला. तिच्या कपाळावर आठी आली. पडदा दाबलेलं बोट ती जरा पुढे सरकवून पाही, जोरात दाबून पाही. मधेच थांबेल असं वाटलं, पण थांबली नाही, शेवटपर्यंत वाजवलं. ते बघवत नव्हतं.

परीक्षक सर वाईट माणूस नव्हते. समजावल्यासारखं बोलले, पण माईक चालू होता. “तारा सुरात लागल्यात, बाळ. कान मात्र कच्चा आहे. संगीताच्या मागं लागू नका.”

मागं कुणीतरी फिसकलं. आप्पांची टोपी मांडीवर होती, ती त्यांनी डोक्यावर घातली आणि उठले. स्टँडवर त्यांनी आक्काला केळी घेऊन दिली. धारूर आलं तरी केळी तशीच राहिली.

त्या हॉलमध्ये माझी नजर घोडीकडे गेली होती, हे मी कबूल करतो. मामाचं वाक्य आठवलं होतं. पण घोडी पळून कुठे गेली होती? समोर उभीच तर होती. असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलं. जे सोयीचं असतं ते पटतं.

घरी आल्यावर एक दुपार आक्का माडीवर मँडोलिन घेऊन बसली. एकच पडदा पुन्हा पुन्हा दाबून वाजवत होती. मी जिन्यात होतो. मला बघून म्हणाली, “अरं, मला आत ऐकू येतंय एक आन वाजतंय एक. असं कसं होतंय रे?” मी म्हणालो, “मला काय म्हाईत.” तिनं वाद्य डब्यात घातलं, डबा माळ्यावर ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात लातूरला नात्यातलं लग्न होतं. मामा आला होता. वरात यायची होती, मांडवात आम्ही दोघंच खुर्च्यांवर बसलेलो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मामा, घोडी पळून जाती म्हंजे काय व्हतं?”

“पळून म्हंजे काय पायानं जाती का? जरा जरी मागं सरकली तरी उघडी तार खरं बोलती आन दाबलेली तार खोटं बोलती. वर जावं तसा सूर पडतो. लावणाराला काय कळत न्हाई. वाजवणाराला वाटतं, आपलंच चुकायलंय.”

“मग जागा कशी कळायची?”

“बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून छेड, मग तिथंच दाबून छेड. दोनी एक आले की घोडी घरी आली.” मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “कावून बे? सरकवलीस का काय?”

“न्हाई. सहज इचारलं.”

तेवढ्यात वाजंत्री आली आणि तो उठला. मामा आज नाही. असता तर त्यालाही काही सांगायचं होतं.

म्हणजे मला मे महिन्यात कळलं, आणि आक्काची कॉलेजची ॲडमिशन जूनमध्ये होती. तेव्हाही तिच्याबरोबर मीच गेलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, विषय? ती म्हणाली, भूगोल. मी तिची पिशवी धरून शेजारी उभा होतो. तोंडात चिक्की होती. “थांब, आक्का,” एवढं म्हणायला चिक्की गिळायची गरज नव्हती. मी ती चघळत राहिलो.

भीती वाटत होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आप्पांच्या माराची, आक्काच्या रडण्याची. ते खरं आहे, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं की आक्का होस्टेलला गेल्यावर मी माळ्यावरून डबा काढला, मामानं सांगितलं तसं बोट टेकवून, दाबून, घोडी हळूहळू पुढे घेत घरी आणली, आणि वाजवायला लागलो. मला ते मँडोलिन पहिल्या दिवसापासून हवं होतं. आता ते माझं होतं.

दिवाळीला आक्का घरी आली. ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मी बाहेर वाजवत होतो. सूर बरोबर येत होते. आई कौतुकानं म्हणाली, “बघ की. वाद्य चांगलं हाय. हिचाच कान कच्चा.” भाकरी थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी वाजवणं थांबवलं नाही.

तेव्हापासून आईच्या तोंडी ते बसलं. थोरलीला अभ्यास लई, पण कान न्हाई. धाकट्याला कान हाय, पण अभ्यास न्हाई. पाहुणे आले की हे वाक्य ठरलेलं. मला कान-बिन काही नव्हता. बरोबर लावलेल्या वाद्यावर कुणीही चार गाणी वाजवतो. चार-पाच वर्षांत माझा नाद सुटला आणि डबा पुन्हा माळ्यावर गेला.

आक्का शिकली, भूगोलाची शिक्षिका झाली, युसूफ वडगावला तिचं लग्न झालं. तिचं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. दाजी मोकळा माणूस आहे. खता-बियाणांचं दुकान, शेती, मुलगा पुण्याला नोकरीला. पण आरतीला आक्का टाळ्या वाजवते, तोंड उघडत नाही. शाळेच्या प्रार्थनेतही ती नुसती उभी राहायची, हे तिच्याच एका विद्यार्थिनीनं मला दुकानात सांगितलं होतं. माझ्या लग्नात बायका गाणी म्हणत होत्या, कुणीतरी तिला ढोसलं, तर ती म्हणाली, “माझा कान कच्चा हाय.” एखाद्यानं मला साखर चालत नाही म्हणावं, इतक्या साधेपणानं. आणि त्याच मांडवात बँडवाल्याची सनई उतरली तेव्हा तिनं दात दुखल्यासारखा गाल धरला. त्या सगळ्या मांडवात ते दोघांनाच कळलं. तिला, कारण ऐकू आलं. मला, कारण मी तिच्याकडे बघत होतो.

या श्रावणात दाजींचा फोन आला.

“मेव्हणे, तो तुमचा डबा हाय का अजून, का उंदरांनी खाल्ला?”

“हाय की. कावून?”

“वडगावात बायकांचं भजनी मंडळ निघालंय. मी तबला वाजवतो, म्हंजे बडवतो. तुमची बहीण मंडळात येत न्हाई, आन घरी आल्यावर माझ्या चुका काढती. तिथं खाली गेलात, इथं वर गेलात. मी म्हणलं, कान न्हाई म्हणतीस आन कोतवाली कावून करतीस? आना ते मँडोलिन. बघू तरी.”

लातूरहून तारांचा नवा संच मागवला. माळ्यावरचा डबा काढला. जुन्या तारा गंजून काळ्या झाल्या होत्या, पण अंगावर होत्या, त्यामुळे घोडी जागेवर होती. दुकानात बसूनच तारा बदलता आल्या असत्या. मी तसं केलं नाही. डबा गाडीला बांधला आणि रविवारी दुपारी वडगावला गेलो. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. एवढंच ठरवलं होतं की तारा तिच्यासमोर बसून चढवायच्या.

आक्का ओसरीवर सोमवारची भगर निवडत होती. डबा बघून म्हणाली, “कशाला वझं आनलंस? ह्यांचं काय ऐकतोस.” मी सतरंजीवर बसलो, मँडोलिन मांडीवर घेतलं, पहिली जाड तार सोडली, नवी अडकवली, पिळली. मग दुसरी. तिचं लक्ष ताटात होतं, पण कान इकडे.

“एक-एक काय करायलास? सगळ्या काढून टाक एकदाच. पुसून तरी घेता येईल.”

“घोडी सरकती.”

“सरकली तर काय होतंय?”

मी हातातली तार ओवायला गेलो. खुंटीचं भोक सापडेना.

“सरकली तर उघड्या तारा बरोबर लागतात. पण वर गेलं की सूर पडतो. वाजवणाराला वाटतं आपलाच कान कच्चा.”

तिनं दोन-चार खडे बाजूला काढले. मग हात थांबला.

“हे कुणी सांगितलं तुला?”

“मामानं.”

“कवा?”

“लातूरच्या लग्नात.”

ती शिक्षिका आहे. हिशोब मांडायला तिला वेळ लागला नाही. “म्हंजे माझ्या ॲडमिशनच्या आधी.”

“आधी.”

“आन सरकवली कुणी?”

“मी. खंडेनवमीला. पत्रा घासायला सगळ्या तारा सोडल्या व्हत्या.”

नेमके तेव्हाच दाजी आतून आले. “काय, लागला का सूर?”

“तुमी जरा दूध आना,” आक्का म्हणाली.

“दूध हाय की घरात.”

“मग दुसरं कायतरी आना.”

दाजींनी दोघांची तोंडं पाहिली, चपला घातल्या आणि गेले.

तिनं भगरीचं ताट मांडीवरून खाली ठेवलं. मला वाटलं उठून जाईल. मग म्हणाली, “तारा चढव.” मी चढवल्या. एक काढून एक, आठही. फोनवर स्वर लावून जोड्या मिळवल्या, बाराव्या पडद्यावर बोट टेकवून, मग दाबून घोडी तपासली. तिनं हात पुढे केला, मग मागे घेतला.

“आता घोडी त्या दिवशी ठेवली व्हतीस तिथं ठेव.”

“आक्का—”

“ठेव म्हणलं ना.”

मी तारा थोड्या सैल केल्या आणि घोडी मागे सरकवली. ती जागा मला नेमकी आठवत होती. तेवढी एक गोष्ट मी कधीच विसरलो नाही. उघड्या तारा पुन्हा लावून वाद्य तिच्याकडे दिलं. तिनं नखी धरली. बोटं मऊ पडली होती, तार रुतत होती. खालून वर एक-एक पडदा दाबत गेली. सूर पडला. पुन्हा गेली, पुन्हा पडला. तिनं डोळे मिटले होते.

“हाच,” ती म्हणाली. “हाच आवाज. मला तवा ऐकू येत व्हता की रे. मला बरोबर ऐकू येत व्हता.”

आणि ती हसली. मी सांगतो, रडली नाही. सैपाकघरात हरवलेला चमचा हातात आल्यावर बाई हसते तशी हसली. मग मला काही न विचारता तिनं खुंट्या सैल केल्या आणि घोडी हळूच पुढे ढकलली. बोट टेकवून छेडलं, दाबून छेडलं. किंचित ढकलली. मामाची ती युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती, मघाशी मी करताना बघितली तेवढीच. मला जिथे बरोबर वाटलं, तिथे ती थांबली नाही. केसभर आणखी पुढे नेली, मग थांबली. मी ऐकलं. तिची जागा बरोबर होती. इतकी वर्षं मी जिथे ठेवली होती, ती नव्हे.

मग ती बोलली. हळू, ताटातली भगर सारखी करत.

“दिवाळीत तू वाजवायचास तवा मी भाकरी करत असायचे. सूर बरोबर येतोय हे मला कळायचं. मला वाटायचं, चला, मला न्हाई तर न्हाई, भावाला तरी दिला देवानं.”

मी म्हणालो, “आक्का, मला माफ—”

“ते नंतर. मला अजून राग यायचाय. नीट आला न्हाई अजून.” मग म्हणाली, “माय अजून म्हणती ना, थोरलीला कान न्हाई?”

“म्हणती.”

“तिला सांग. मी न्हाई सांगणार, तू सांग. आन मोठ्यानं सांग, तिला कमी ऐकू येतंय. दारात बसलेली असती तवा सांग. शेजारपाजारच्यांनी ऐकलं तर ऐकू दे.”

दाजी परत आले ते पावशेर फरसाण घेऊन. आक्का वाजवत होती. अडखळत होती, बोटं झटकत होती, पुन्हा लावत होती. दाजी फरसाणाचा पुडा तसाच धरून उभे राहिले आणि मला खुणेनं विचारू लागले, हे कधीपासून? मी पुडा त्यांच्या हातातून घेतला.

त्यानंतरच्या रविवारी तिला खरोखरच राग आला. माझा फोन उचलला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग एका दुपारी तिचाच फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, “तिसरी जोडी सारखी उतरती, काय करू?” मी म्हणालो, खुंटीवर वेढे एकमेकांवर चढले असतील, सोडून नीट एकाखाली एक घे. तिनं फोन बाजूला ठेवून ते केलं. मला पिळल्याचा आवाज येत होता, दोन तारा एकमेकींजवळ येत होत्या, आणि मग दोन राहिल्याच नाहीत. “जमलं,” म्हणाली आणि फोन ठेवला. आता असे फोन येतात. ती सोमवारी मंडळात बसते. दाजींची तक्रार आहे की आता चारचौघांत चुका काढते. परवा तिनं विचारलं, पुढचा संच लातूरहून आणशील तर जाड तारा जरा बऱ्या आण. भजन म्हणतानाही तोंड उघडते का, हे मी दाजींना विचारलं नाही. ते मला जाऊन ऐकायचं आहे.

आईजवळ मी एकदा बसलो. ती दारात होती, समोरची काकू लसूण सोलत होती. मी म्हणालो, “माय, आक्का मँडोलिन वाजवायली.” आई म्हणाली, “वाजवू दे बापडी. कान न्हाई तिला, पण हौस हाय.” मी तोंड उघडलं. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि मी उठलो. गिऱ्हाईक थांबलं असतं.

आई अजून रोज दारात बसते. आक्काचा कान चांगला होता, आणि घोडी मी सरकवली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तेवढं मी देणं लागतो.